मुंज्याचं वजन किती?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात राहणारे, आयटी कंपनीत टेस्टिंग करणारे एक वाचक दोन वर्षांपासून कादंबरी लिहीत आहेत. नायिका एमबीबीएस डॉक्टर, दवाखाना गिरगावातल्या एका चाळीत तळमजल्यावर. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली येतं आणि मागच्या दाराने दुसरे पेशंट यायला लागतात. मुंजा, हडळ, वेताळ, गिऱ्हा. ४२ हजार शब्द झाले, नऊ प्रकरणं, सतरा प्रकारची भुतं, आणि गाडी रुतली. ते लिहितात, ‘प्रत्येक प्रकरण सारखंच होतंय. भूत येतं, डॉक्टर बरं करते, भूत जातं. तिला आजीकडून मंत्रविद्या मिळालीय असं दाखवू का? मित्र म्हणतो, रक्त पिणारे आणि पौर्णिमेला लांडगा होणारे घे, आजच्या मुलांना तेच कळतात, मुंजा कुणाला ठाऊक? बायकोचं वेगळंच. ती म्हणते, शिकलेली डॉक्टर भुतं तपासते असं लिहून तू अंधश्रद्धेला खतपाणी घालतोयस. टाकून देऊ का सगळं?’

टाकू नका. पण सतरातली तेरा भुतं आजच घरी पाठवा, आणि उरलेल्या चारांकडेही महिनाभर बघू नका. तुम्ही पत्रात भुतांबद्दल तीन पानं लिहिलीत आणि डॉक्टरबाईंबद्दल एक ओळ: ‘हुशार, प्रेमळ, एकटी राहते, चहा फार पिते.’ एवढ्यावर दवाखाना चालत नाही. भुतांचा अभ्यास कमी पडतोय असं तुम्हाला वाटतंय. सोबत पाठवलेलं तिसरं प्रकरण वाचून उलट दिसतं. भुतं पक्की आहेत, डॉक्टर कच्ची आहे.

त्या प्रकरणात मुंजा तापाने फणफणलेला येतो, ‘बाईंनी त्याला औषध दिलं आणि तो शांत झोपला.’ कुठलं औषध? किती? सगळी नऊ प्रकरणं सारखी वाटण्याचं कारण या एका वाक्यात आहे. तपशील नाही म्हणून अडचण नाही, आणि अडचण नाही म्हणून गोष्ट नाही.

आठ वर्षांचं पोर ताप घेऊन आलं की जीपी, म्हणजे गल्लीतला नेहमीचा डॉक्टर, आधी त्याला काट्यावर उभं करतो, कारण मुलांचा डोस वजनावर निघतो. पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम. काटा नसेल तर सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक जुनं गणित आहे: वयाला सातने गुणा, पाच वजा करा, दोनने भागा. आठ वर्षांचा म्हणजे साडेपंचवीस किलो. डोस झाला साधारण ३८० मिलिग्रॅम, आणि पाच मिलीत २५० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर साडेसात मिली. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाहीत. आता तुमच्या मुंज्याला काट्यावर उभं करा. काटा शून्यावरच. शून्य किलोला १५ मिलिग्रॅमने किती? ही तुमच्या प्रकरणातली पहिली खरी अडचण, आणि ती फुकट मिळालेली आहे.

मग थर्मामीटर. काचेचा साधा थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली बोलत नाही. डिजिटल असेल तर फार खाली गेल्यावर नुसतं ‘लो’ दाखवून मोकळा होतो. मुंजा पिंपळावर राहतो, त्याचं अंग पिंपळाच्या सावलीइतकं, समजा २५. आज तो ३१ वर आहे, म्हणजे बिचारा भाजून निघतोय. पण डॉक्टरबाईंना हे कळणार कसं? निरोगी मुंज्याचं तापमान कुणी मोजून ठेवलंय? नेहमीचं काय हे माहीत असल्याशिवाय बिघडलंय काय ते सांगता येत नाही. तेव्हा कादंबरीची फाइल बंद करून एक साधी वही घ्या आणि चारही भुतांचं ‘नॉर्मल’ लिहून काढा. तापमान, नाडी, श्वास घेतात की नाही, खातात काय, झोपतात कधी, दुखतं का, रक्त असलंच तर कसं दिसतं. ही वही वाचकाला दाखवायची नाही. मात्र नायिकेकडेही तशीच एक वही असू द्या, तिच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. तिच्यातली एक नोंद चुकीची निघावी आणि ती सातव्या प्रकरणात कुणाच्या तरी जिवावर बेतावी. (भुताच्या बाबतीत ‘जिवावर’ म्हणजे काय, तेही त्याच वहीत लिहा.)

औषध आत गेल्यावर काय होतं, याचाही विचार करा. पॅरासिटामॉल यकृतात मोडतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून तर पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. मुंज्याला यकृतच नसेल तर औषध मोडणार कुठे? साडेसात मिली एकदा दिलं की ते आतच बसलं. बाईंनी सहा तासांनी सवयीने दुसरा डोस दिला, दुसऱ्या रात्री तिसरा, आणि पोराच्या अंगात ते साठत गेलं. चांगल्या डॉक्टरच्या हातून, पुस्तकाप्रमाणे वागून झालेली चूक. अशी चूक करणारी नायिका वाचकाला आपली वाटते. आणि केसपेपरवर वयाच्या रकान्यात आठ लिहायचं की एकशे अठरा, यावर तिने पेन थबकवलं तर तेवढंही पुष्कळ झालं.

हाच मार्ग हडळीसाठी. पाय उलटे हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा त्रास काय होतो हे कुणी विचारत नाही. माणूस उभा असतो तेव्हा शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो आणि पुढे आलेलं पाऊल तो पेलतं. पाऊल मागे वळलं तर पुढे आधारच नाही. ती सतत तोंडावर पडायच्या बेतात असणार. मग तोल सांभाळायला ती कंबरेतून मागे रेलून चालणार, आणि वर्षानुवर्षं तसं चालून तिची कंबर धरणार. म्हणजे हडळ तुमच्या दवाखान्यात घाबरवायला येत नाही, कंबरदुखी घेऊन येते. चाळीचा लाकडी जिना चढताना तिची टाच पायरीवर पडते आणि चवडा बाहेर लोंबतो, म्हणून तिला तळमजल्यावरचाच दवाखाना परवडतो. बाई तिला एक्स-रे काढायला सांगतात. भुताची सावली पडत नाही, आणि एक्स-रे म्हणजे दुसरं काय? किरण जिथे अडतात तिथे फिल्म पांढरी राहते, जिथून आरपार जातात तिथे काळी पडते. हडळीची फिल्म येणार पूर्ण काळी. तंत्रज्ञ म्हणणार, मशिन बिघडलं, पुन्हा काढू. हा तंत्रज्ञ, कोपऱ्यावरचा केमिस्ट, लॅबचा पोऱ्या, यांना कादंबरीत आणा. जीपी एकटा कधीच काम करत नाही, आणि गुपित राखायचं असेल तेव्हा ही माणसं फार उपयोगी पडतात. राखतातही आणि फोडतातही.

वेताळाबद्दल आधी एक सावधगिरी. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री फेरी घालतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. तो लोकांचा देव आहे, त्याला तपासणीच्या टेबलावर झोपवू नका. तुमच्या गिरगावच्या चाकरमान्यांमागून आलेला, नाव नसलेला एखादा वेताळ घ्या. पण चपलेचा धागा मात्र सोडू नका. रोज रात्री हद्दीची फेरी, खाली मातीऐवजी डांबर आणि पेव्हर ब्लॉक, आणि तळव्याला जखम. मधुमेहाच्या पायासारखीच ही केस. डॉक्टर दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून, तो वाकेपर्यंत दाबतात आणि विचारतात, कळतंय का? वेताळाला कळत नाही. संवेदना गेली म्हणून जखम चिघळली, आणि अशी जखम भरायची तर एकच मुख्य अट: त्या जागेवर भार पडता कामा नये, अनेक आठवडे. फेरी बंद केली तर हद्द उघडी पडते. चालू ठेवली तर पाय जातो. रिक्षावाल्याला, पोस्टमनला, घरकाम करणाऱ्या मावशीला हेच सांगायची वेळ रोज कुठल्या ना कुठल्या डॉक्टरवर येते, आणि मावशी जे उत्तर देते तेच वेताळ देईल. ओव्या म्हणून सोडवायचा हा प्रश्न नाही.

त्यावरून मंत्रविद्येकडे येतो. देऊ नका. आजीला कादंबरीतून काढायची गरज नाही, पण तिचा वारसा तुमच्या अडचणी एका फुंकरीत उडवून टाकेल. बाईंजवळ जे आहे ते इतकंच ठेवा: पाच-साडेपाच वर्षांचं शिक्षण, स्टेथोस्कोप, भाड्याची खोली आणि झोपेची उधारी. उलट तिच्यावर बंधनं वाढवा, आणि ती खरी घ्या. प्रिस्क्रिप्शनवर पेशंटचं नाव-पत्ता लागतो. केमिस्टला काय सांगायचं, मुक्काम पोस्ट पिंपळ? दवाखान्याच्या पाटीवर ‘बाहेरच्या बाधेवर इलाज’ लिहिता येत नाही, कारण मंत्र-ताईत-चमत्कार अशा उपायांच्या जाहिराती १९५४ पासून कायद्याने बंद आहेत. मग रात्रीच्या पेशंटांना दवाखाना कळतो कसा? एकाने दुसऱ्याला सांगून, जसा सगळ्या चांगल्या डॉक्टरांचा कळतो तसाच. आणि फी? समंधाकडे पुरलेलं धन असतं म्हणतात, पण ते बँकेत भरायला गेलं की पॅन कार्ड मागतात. गावाचा राखणदार देवचार विडी आणून देईल, गिऱ्हा मासे. बाईंचं भाडं मात्र रोखीत जातं. कादंबरीत पैशाचा हिशेब असला की भुतंसुद्धा खरी वाटायला लागतात.

मित्राचा सल्ला ऐकू नका, पण त्याची शंका हसण्यावारी नेऊ नका. ‘मुंजा कुणाला ठाऊक’ हे अर्धं खरं आहे. नाव ठाऊक असतं, अर्थ नसतो. आणि त्या अर्थामध्येच तुमची सगळी कादंबरी दडलेली आहे. मुंज झाली पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवणारा विधी) व्हायच्या आत गेलेला पोरगा, तो मुंजा. बाळंतपणात किंवा लगेच नंतरच्या दिवसांत गेलेली, ती हडळ. बुडून मेला तो गिऱ्हा. वारस नाही, क्रियाकर्म नाही, जीव कशात तरी अडकला, तो समंध. यादी पुन्हा वाचा. ही भुतांची नावं नाहीत, मृत्यूची कारणं आहेत. बालमृत्यू, मातामृत्यू, बुडून मृत्यू, बेवारस मृत्यू. जिथे मृत्युनोंदणीचं रजिस्टर नव्हतं तिथे गावाने पिंपळ, विहीर आणि तिठ्यांवर ही नोंद ठेवली. परदेशी रक्तपिपासू कितीही देखणा असला तरी त्याच्या नावात त्याचा केसपेपर नाही. तुमच्या पेशंटांच्या नावात आहे, आणि तो वाचू शकेल अशी व्यक्ती म्हणजे डॉक्टर.

इथून पुढचा धागा असा. मृत्यूच्या कारणाचा दाखला म्हणून रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ. त्यात कारणांची साखळी लिहायची असते: वर तात्काळ कारण, त्याखाली त्यामागचं, सगळ्यात खाली मूळ. अगदी नेहमी होणारी चूक म्हणजे वरच्या रेघेवर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ लिहून मोकळं होणं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. ते मरणं झालं, कारण नाही. तुमच्या हडळीसाठी साखळी कशी होईल? वर, रक्तस्रावामुळे शॉक. त्याखाली, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. तळाशी, गर्भाशय आकसलं नाही. साध्या प्रसूतीनंतर ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेलं की डॉक्टर सावध होतात. आणि तसं होऊच नये म्हणून मूल बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं दहा युनिटांचं एक इंजेक्शन देतात. ते दोन ते आठ अंशांवर, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. ते इंजेक्शन बाईंच्या फ्रिजच्या दारात आहे. हडळ कंबर दाखवायला आलीय, फ्रिज उघडा आहे, आणि ती विचारते, ही बाटली कसली? या प्रसंगात भीतीचं पार्श्वसंगीत लागत नाही.

बाईंना वाटेल, हिचा दाखला लिहून टाकू, कदाचित सुटेल. पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार हा दाखला अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच द्यायचा असतो, आणि त्याची फी घ्यायची नसते. वर्ष उलटून गेलं तर नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हडळ गेली तेव्हा बाईंचा जन्मही नव्हता. लिहिला तर खोटा दाखला, नाही लिहिला तर एक पेशंट तशीच. तुमची मधली शंभर पानं इथे आहेत: सुईणीचं घराणं शोधणं, सुतिकागृहाचं जुनं दप्तर, महापालिकेतला कारकून, आणि नवऱ्याच्या घरच्यांनी सांगितलेलं भलतंच कारण. मंत्राने हे पाच मिनिटांत उरकलं असतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही पूर्ण टाळलीत, आणि ती टाळून ही कादंबरी उभी राहणार नाही. आपली भुतं जातवार आहेत. मुंजा आणि ब्रह्मसमंध ब्राह्मणाचे. खवीस मात्र जुन्या नोंदींत मुसलमानाचा किंवा त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या मृताचा सांगितलेला सापडतो, आणि तो जास्त क्रूर हे ओघाने आलंच. या नोंदी बऱ्याचशा १९१५ मध्ये छापलेल्या कोकणच्या लोकसमजुतींच्या संग्रहातून पुढे आल्या. गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला पाठवलेली ती उत्तरं. गोळा करवणारा अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या. छपाई त्याच्या मागून झाली. म्हणजे भुतांची जातवारी सांगणारे कोण आणि लिहून घेणारे कोण, हे लक्षात ठेवून ती वापरा. तुमच्या दवाखान्यात बाकडं एकच आहे. मुंजा खविसाशेजारी बसेल? नाही बसला तर बाई काय म्हणतील? आणि बाईंचं स्वतःचं आडनाव तुम्ही बेचाळीस हजार शब्दांत एकदाही दिलेलं नाही, ते का?

आता तुमच्या पत्नींचं म्हणणं. त्या तुमच्या सगळ्यात चांगल्या वाचक आहेत, म्हणून उत्तर नीट देतो. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, साप-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. त्याचा रोख जिवंत माणसाच्या छळावर आणि फसवणुकीवर आहे, गोष्टीतल्या मुंज्यावर नाही. पण कायद्यात बसतं म्हणून जबाबदारी संपत नाही. कादंबरीत एक रेषा स्पष्ट असू द्या: मागच्या दाराने येतात ते मेलेले. पुढच्या दाराने जिवंत माणूस ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आणला, तर त्याला भूत कधीही लागलेलं नसतं. एकदाही नाही. ‘एखाद्या वेळी असेलही’ अशी पळवाट ठेवलीत, तर तुमच्या पत्नी बरोबर आणि तुम्ही चूक.

आणि तसा एक प्रसंग लिहाच. चाळीतली बाळंतीण, आठवा दिवस, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, अखंड बडबड, मुलाला ‘हे माझं नाही’ म्हणते. सासू म्हणते, हडळीने धरलं. हा प्रसूतीनंतरचा मनोविकार असू शकतो. हजारात एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, आणि आईच्या नि बाळाच्या दोघांच्याही जिवाला धोका असलेली ती तातडीची अवस्था आहे. आईला बाळाबरोबर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यायचं. उपचारांनी या बायका बऱ्या होतात. मध्यरात्री कुणाला विचारावं हे सुचत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास असते. अर्थात फोन करत बसून रुग्णालय लांबवायचं नाही. हे सदर वाचणाऱ्या घरांतही अशी बाळंतीण असू शकते, म्हणून एवढं सविस्तर. कादंबरीत गंमत अशी करा की सासू हडळीवर आळ घेत असताना खरी हडळ मागच्या खोलीत कंबरेला शेक घेत बसलीय, आणि सगळं ऐकतेय. तिला काय वाटेल, ते तुम्ही लिहा.

शहर कुठे आहे? तुमच्या गिरगावात चाळ आहे, वडापाव आहे, पाऊस आहे. एवढं कुठल्याही मालिकेत असतं. भुतांचा आणि मुंबईच्या आरोग्य खात्याचा एक खराखुरा जुना तंटा तुमच्या हाताशी आहे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला. दोषी डास अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याची पैदास घराघरांतल्या विहिरींत. विहिरी बुजवा नाहीतर डासबंद झाका, असा आग्रह सुरू झाला. लोकांचा विरोध झाला. एक कारण पूजेचं, आणि दुसरं, विहिरीत राहणाऱ्याचं काय करायचं? त्या वेळी महापालिकेत अधिकारी असलेल्या रुस्तम मसानी यांनी हे समज गोळा करून १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत पुस्तकच लिहिलं. तुमच्या गिऱ्ह्याचा पत्ता आता शोधायला नको. विहीर बुजली, तो चाळीच्या गच्चीवरच्या टाकीत गेला. टाकीत क्लोरीनचं पाणी, म्हणून डोळे चुरचुरतात आणि अंगावर चट्टे उठतात. महापालिकेचा माणूस टाक्या तपासत येतो, कारण स्टीफेन्सी आजही टाकीत अंडी घालतो. विहिरीत निदान गप्पी मासे सोबतीला होते. बाईंना इथे दोन्ही बाजू कळतात: झाकण घट्ट बसवलं तर गिऱ्हा कोंडतो, उघडं ठेवलं तर चाळीत हिवताप येतो. तिने झाकण बसवायलाच हवं. डॉक्टर आहे ती.

कामाला कसं लागायचं? चार भुतं ठेवा: मुंजा, हडळ, वेताळ, गिऱ्हा. खविसाला बाकड्यावर बसू द्या, तो पाचवा. आठवडाभर ‘नॉर्मल’ची वही. मग ओळखीच्या एखाद्या जीपींची परवानगी काढून दोन संध्याकाळी त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसा, आत नाही. पेशंट काय सांगतात ते ऐकायचा तुम्हाला अधिकार नाही. पैसे देताना माणसं काय करतात, कंपाउंडर कुणाला आधी आत सोडतो, डॉक्टर चहा कधी पितात आणि कितीदा तो गार होतो, एवढंच टिपा. नंतर तिसरं प्रकरण पुन्हा लिहा आणि तो मसुदा एका डॉक्टरला वाचायला द्या, साहित्यप्रेमी नसलेला मिळाला तर फार उत्तम. शब्दार्थांची यादी मागे जोडू नका; मुंजा कोण हे केसपेपर भरताना आपोआप कळेल. नवव्या प्रकरणातलं स्मशानातलं युद्ध काढून टाका. ते चांगलं लिहिलंय, पण दुसऱ्या कुणाच्या तरी कादंबरीतलं आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. पाचव्या प्रकरणात कुणीतरी दवाखान्याच्या उंबऱ्यावर उतारा ठेवतं आणि बाई तो ‘कचऱ्यात फेकून देतात.’ दवाखान्यात असं होत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सुईविना सिरिंज लाल, काच निळ्या डब्यात, सुया-पाती भोसकून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात. आणि रक्ताने माखलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. उताऱ्याच्या लिंबात सात टाचण्या आहेत. त्या बाई चिमट्याने एकेक काढतील आणि पांढऱ्या डब्यात टाकतील, कारण सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईचा हात तिला दिसतो. लिंबू ओल्या कचऱ्यात. दहीभात मुंज्याला विचारून.